परसबागेतील फलत्याग

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक ज्याच्या कानावरून कधी गेला नाही, असा गृहस्थ आपल्या समाजात विरळा. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त त्याच्या चार चरणांना कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले आहे. ही चतुःसूत्री अनेकांना पाठ असते, प्रसंगी दुसऱ्याला ऐकविलीही जाते. परंतु तिच्याविषयीची एक शंका बहुतेकांच्या मनात कोठेतरी दबून राहिलेली असते. फळाकडे पाहावयाचे नाही, तर मनुष्याने कर्म आरंभावे तरी कशासाठी? नोकरी वेतनासाठी केली जाते, औषध आरोग्यासाठी घेतले जाते, अध्ययन ज्ञानासाठी चालते. फळ वगळले तर कर्माला दिशा कोणती उरली?

ही शंका सर्वांत उघडी पडते ती बी पेरणाऱ्याच्या बाबतीत. ‘फळ’ हा शब्द मुळात त्याच्याच व्यवसायातला. मुळ्याचे बी पेरणारा मुळ्यासाठीच पेरतो. त्याला मुळ्याची इच्छा करू नकोस असे सांगणे म्हणजे पेरूच नकोस असे सांगण्यासारखे दिसते. म्हणून गीतेचा हा सिद्धान्त भाष्यग्रंथांत तपासावा, तसाच तो एकदा भाजीच्या वाफ्यातही तपासून पाहावा.

उदाहरणादाखल, नोकरीनिमित्त कलकत्त्यात स्थायिक झालेला एक महाराष्ट्रीय गृहस्थ डोळ्यांपुढे आणू. त्याची कचेरी एस्प्लनेडला. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोर्ट विल्यमचा नवा किल्ला बांधला आणि तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये म्हणून भोवतालचे रान तोडून मैदान केले. त्या मैदानाच्या कडेचा हा भाग. भारतातील पहिली भुयारी रेल्वे १९८४ मध्ये सुरू झाली ती येथून भवानीपूरपर्यंत. येथे पिकत काहीच नाही, आणि विकत सर्व काही मिळते. आपला गृहस्थही वर्षानुवर्षे कचेरी सुटल्यावर वाटेतल्या भाजीवाल्याकडून पालकाची जुडी घेई, दोन रुपये कमी करण्यासाठी घासाघीस करी आणि त्या रेल्वेने दक्षिणेकडील उपनगरातल्या आपल्या घरी जाई.

त्याच्या घरामागे दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अशी जमीन पडीक होती. एका वर्षी पाऊस सरला, कोजागिरी झाली, त्या रात्री शेजारच्या बंगाली घरांतून लक्ष्मीपूजनाचे शंख वाजले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आयुष्यात प्रथमच कुदळ हाती घेतली. मुळा, पालक, टोमॅटो, वाल आणि दुधी एवढे बियाणे आणले. आठ वर्षांच्या मुलीने हट्ट धरला म्हणून मुळ्याचा एक वाफा तिच्या एकटीच्या नावे करून दिला.

बी रुजेपर्यंत गृहस्थाला धीर निघेना. सकाळी पाणी, कचेरीतून आल्यावर पाणी, निजण्यापूर्वी आणखी एक तांब्या. गंगेच्या गाळाची ती चिकण माती. तिच्यात पाणी लवकर झिरपत नाही, साचून राहते. टोमॅटोची रोपे दोन पानांवर आली आणि बुडाशी कुजून एकामागून एक कोलमडली. दुसऱ्यांदा केलेली रोपे जगली, तर ती लवकर वाढावीत म्हणून युरिया मूठभर अधिक पडला. झाडे कमरेएवढी झाली, पाला हिरवागार झाला, फूल मात्र तुरळक. कारण नत्र प्रमाणाबाहेर मिळाले की टोमॅटोचे झाड पालाच वाढवीत राहते. दुधीच्या वेलाला पहिली पांढरी फुले आली ती गळून पडली, तेव्हा रोग आला असे समजून तो औषधाच्या शोधात निघाला. वेलावर आरंभी बहुधा नरफुले येतात, ती गळावयाचीच असतात, मादीफूल मागाहून येते आणि त्याच्या मागे बोटाएवढा कोवळा दुधी आधीपासूनच दिसतो, हे शेजारच्या वृद्ध बंगाली गृहिणीने कुंपणापलीकडून सांगितले, तेव्हा तो थांबला.

ह्या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. त्याचे चित्त फळावर खिळले होते, म्हणून त्याची दृष्टी रोपावर नव्हती. रोपाला काय हवे हे पाहावयाचे सोडून, आपल्याला काय हवे तेच तो रोपावर ओतीत होता. येथे आरंभीच्या शंकेचे अर्धे उत्तर सापडते. लोकमान्यांनी फळ आणि फलाशा ह्यांत भेद केला आहे. कर्म कोणत्या हेतूने करावयाचे हे जाणणे निराळे, आणि ‘हे फळ मला मिळालेच पाहिजे’ असा हट्ट मनात धरणे निराळे. मुळ्याचे बी पेरताना मुळा यावा हा हेतू असणारच. तो नसेल तर मुळ्याऐवजी खडे पेरले तरी चालेल. हेतू हा कर्माचा भाग आहे, हट्ट हा अहंकाराचा भाग आहे. हेतूमुळे खत किती घालावे हे कळते, हट्टामुळे ते मूठभर अधिक पडते. आसक्ती परमार्थात बाधक आहे असे आपण नेहमी ऐकतो. पण ती प्रथम बाधते त्या फळालाच, ज्याच्यासाठी ती धरलेली असते.

आता याच्या उलट बाजू. इतक्या अपयशांनंतर गृहस्थाचे मन विटले. डिसेंबराच्या थंडीत पहाटे उठून तण काढताना पाठ भरून येई. वालाच्या शेंड्यांवर मावा दिसू लागला होता. ‘आपण पेरले, पुढची ईश्वराची इच्छा’ असे म्हणून त्याने पंधरा दिवस परसात पाऊल टाकले नाही. घरच्यांना वाटले, ह्याला वैराग्य आले. पंधरा दिवसांनी पाहतो तो पालक तणात हरवलेला आणि वालाचे शेंडे माव्याने काळवंडून आखडलेले.

ह्या त्यागाला गीता काय म्हणते ते अठराव्या अध्यायात पाहावे. तेथे त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नेमून आलेले कर्म मोहामुळे टाकणे हा तामस त्याग. शरीराला क्लेश होतात ह्या भयाने टाकणे हा राजस त्याग. त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. कर्तव्य म्हणून कर्म करीत राहणे आणि संग व फळ एवढेच सोडणे हा सात्त्विक त्याग. आपल्या गृहस्थाने सोडले होते ते तण काढणे. पालक न मिळाल्याची चुटपुट त्याने मुळीच सोडली नव्हती. सोडावयाचे ते धरून ठेवले आणि धरावयाचे ते सोडले, असे हे वैराग्य होते. चतुःसूत्रीचा चौथा चरण अकर्माचा संग धरू नये असे बजावतो, तो अशा वेळेसाठीच. संसारात हे आपण अनेकदा करतो. मुलाचा अभ्यास घेण्याचा कंटाळा येतो आणि त्याला आपण प्रारब्धाचे नाव देतो. वृद्ध आईच्या औषधाची वेळ चुकते आणि आयुष्य कोणाच्या हाती आहे असे म्हणतो. देवाचे नाव घेऊन केलेला आळस हा आळसच होय.

येथे कोणी म्हणेल, दैव म्हणून काही आहे की नाही? आहे, गीतेनेच ते मान्य केले आहे. अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. ह्या यादीतील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. गृहस्थाने आपल्या वाफ्यातला पहिला मुळा उपटला तेव्हा त्याला तीन फाटे फुटलेले होते. प्रथम त्याने नशिबाला दोष दिला. मग वाफा हातभर खणून पाहिला, तेव्हा घर बांधताना पुरलेले विटांचे तुकडे निघाले. मुळ्याला सरळ खाली जावयास वाट नव्हती. म्हणजे दोष अधिष्ठानाचा होता आणि ते न तपासणाऱ्या कर्त्याचा होता. आधी चार कारणे नीट तपासावीत, आणि मग जे उरेल त्याला दैव म्हणावे. आपण बहुधा पाचव्यापासून आरंभ करतो आणि पहिल्या चारांपर्यंत पोहोचतच नाही.

चारही कारणे यथास्थित असताना पाचवे आड येते, तेव्हा काय करावे, ह्याचे एक मोठे उदाहरण ह्याच प्रदेशात घडून गेले आहे, आणि त्याचा मराठी भाषेशी जवळचा संबंध आहे. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी हा मिशनरी राहत असे. फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवी. १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, १८१० मध्ये मराठीचा कोश छापला, आणि त्या कामी वैजनाथ पंडितांचे साह्य घेतले. त्याचा धर्मप्रसाराचा उद्देश आपल्याला मान्य होण्यासारखा नाही. परंतु त्याचा उद्योग मात्र कोणीही आदराने पाहावा असा होता. त्याला बागेचे विलक्षण वेड होते. १८२० मध्ये त्याच्या पुढाकाराने कलकत्त्यात कृषी व उद्यानविषयक संस्था स्थापन झाली. तिने बियाणे वाटले, भाज्यांची प्रदर्शने भरवून माळ्यांना पारितोषिके दिली. एस्प्लनेडहून वायव्येस नदीकडे गेल्यास मेटकाफ हॉलची स्तंभांनी वेढलेली इमारत लागते. १८४४ मध्ये ती पुरी झाल्यावर ह्या संस्थेलाही तेथे जागा मिळाली होती.

१८२३ मध्ये दामोदर नदीला महापूर आला आणि कॅरीने अनेक वर्षे जोपासलेली श्रीरामपूरची बाग पाण्याखाली जाऊन उद्ध्वस्त झाली. त्या वेळी त्याचे वय बासष्ट. त्याने पाणी ओसरल्यावर पुन्हा बाग लावावयास घेतली. दैवाने आपले काम केले, त्याने आपले केले. सिद्धी आणि असिद्धी ह्यांत निर्विकार राहून धैर्याने व उत्साहाने वागणारा तो सात्त्विक कर्ता, असे गीता सांगते. आणि येथे उत्साह हा शब्द विसरून चालणार नाही. निर्विकार म्हणजे थंड पडलेला नव्हे.

पण त्याच पुरुषाच्या चरित्रात दुसरीही एक गोष्ट नमूद आहे. १८३४ मध्ये मृत्युशय्येवर असताना त्याला चिंता लागली ती आपल्या मागे सहकारी मार्शमन बागेत गाई सोडील ह्याची. मार्शमनने बाग राखण्याचे वचन दिले तेव्हा त्याचे समाधान झाले. महापुराने जे हिरावले ते त्याला सोडता आले. स्वतःच्या हाताने पुन्हा उभे केले ते सोडणे जड गेले. भागवतातील राजा भरताने राज्य सोडले, पण हरिणाचे पाडस त्याला सुटले नाही, ही कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. तिचे मर्म हेच. गेलेल्या फळाचा त्याग काळ शिकवितो. हाती असलेल्या फळाचा त्याग मनुष्याला आपला आपणच शिकावा लागतो.

आता मुलीच्या वाफ्याकडे वळू. तिचा वाफा कुंपणाजवळ होता, तेथे विटांचे तुकडे नव्हते. तिने बी अंतरावर टोचले, रोपे दाट झाली तेव्हा विरळ केली, रोज शाळेतून आल्यावर पाने मोजली. पाचव्या आठवड्यात मुळ्यांचे पांढरे खांदे मातीवर दिसू लागले. रविवारी ते उपटावयाचे ठरले होते. शनिवारी रात्री घुशीने वाफा उकरला आणि सकाळी कुरतडलेले तुकडे तेवढे उरले होते. मुलगी रडू लागली. बापाने तिला जवळ घेतले आणि गीतेचा तोच श्लोक समजावून सांगितला: आपण काम करावे, बाळ, फळाची आशा धरू नये. मुलीने डोळे पुसले आणि विचारले, “बाबा, मग ते मुळे घुशीसाठी पेरले होते का?”

बापाला उत्तर सुचले नाही, आणि ते सुचू नये हेच योग्य होते. आदल्याच महिन्यात टोमॅटोची रोपे कोलमडली तेव्हा त्याने स्वतःला हा श्लोक ऐकविला नव्हता. दोन दिवस घरात कोणाशी धड बोलला नव्हता. स्वतःच्या नुकसानीला तो विसरलेला श्लोक दुसऱ्याच्या नुकसानीला मात्र चटकन आठवला. श्रीभगवंतांनी हा उपदेश अर्जुनाला केला तो त्याच्या स्वतःच्या कर्माविषयी आणि त्याच्या स्वतःच्या फळाविषयी. दुसऱ्याच्या फळावरचा हक्क अर्जुनाने सोडून द्यावा, असे त्यात कोठेही नाही. तसे सोडता येतच नाही, कारण ते त्याचे नसते. फलत्याग हा प्रथमपुरुषी धर्म आहे. तो स्वतःला सांगितला म्हणजे योग होतो. तोच दुसऱ्याला, विशेषतः आपल्याहून दुर्बळाला सांगितला, तर अन्याय होण्याचा संभव असतो.

हा भेद सूक्ष्म वाटेल, पण तो विसरल्याचे परिणाम सूक्ष्म नसतात. शेतमजुराचे वेतन बुडवून त्याला निष्काम कर्म शिकविणारा मालक, घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी थकवून तिला समाधानाचे महत्त्व सांगणारी गृहिणी, सुनेच्या कष्टांना कर्तव्य म्हणणारे आणि त्या कष्टांवर बसून जेवणारे कुटुंब, ही सर्व मंडळी गीतेच्या आडून परधनच घेत असतात. १९४३ च्या दुष्काळात बंगालच्या खेड्यांतून हजारो माणसे ह्याच नगराच्या पदपथांवर येऊन अन्नावाचून मेली. त्या दुष्काळातील एकंदर मृतांचा अंदाज तीस लाखांच्या आसपास केला जातो, आणि त्यांत दुसऱ्याच्या शेतात राबून धान्य पिकविणारे भूमिहीन मजूर फार मोठ्या संख्येने होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखविले की, धान्याच्या तुटवड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते विकत घेण्याची शक्ती नाहीशी होणे ह्या लोकांना भोवले. ज्यांनी पिकविले तेच उपाशी मेले. अशांना फलत्याग सांगण्याची कल्पनाही पाप होय. तेथे धर्म एकच होता: त्यांचे अन्न त्यांच्यापर्यंत पोहोचविणे.

मुलीच्या प्रश्नानंतर गृहस्थ त्या श्लोकावर अधिक बोलला नाही. त्याने आपल्या वाफ्यातले पाच मुळे उपटून तिच्या पुढ्यात ठेवले, आणि दोघांनी मिळून कुंपणाखालचे बीळ विटांनी बुजविले. विटा वाफ्यातूनच निघालेल्या होत्या.

माघ उजाडला तेव्हा दुधीच्या वेलाने सगळे नुकसान एकदम भरून काढल्यासारखे केले. एकाच आठवड्यात सात दुधी उतरले. चार माणसांच्या घरात सात दुधी कोणी खाऊन संपवू शकत नाही. मुळ्यांचा त्याला ताजा अनुभव होता. पाहुणे येतील तेव्हा उपटू म्हणून राखून ठेवलेले मुळे आतून भेंडाळून जरड झाले होते. म्हणून ह्या वेळी दुधी वाटले गेले: एक कुंपणापलीकडच्या वृद्धेला, एक वरच्या मजल्यावर, एक कचेरीतल्या शिपायाला. केवळ स्वतःसाठी शिजविणारा पापच खातो आणि यज्ञातून उरलेले खाणारा पापमुक्त होतो, हे तिसऱ्या अध्यायातील वचन त्याने लहानपणापासून ऐकले होते. ते आचरण्यास सोपे आहे हे त्याला त्या आठवड्यात कळले. वेलाला फळे येतात ती घरातील माणसे मोजून येत नाहीत. जे अधिक येते ते वाटण्यासाठी येते, असे मानण्यास हरकत नसावी.

ह्या हंगामात त्याच्यात आणखी एक पालट झाला. कलकत्त्याच्या पूर्वेस धापा नावाचा भाग आहे. शहराचा केरकचरा वर्षानुवर्षे जेथे टाकला गेला, त्या जमिनीवर आणि शहराच्याच सांडपाण्यावर तेथील कुटुंबे भाजी पिकवितात. सांडपाण्यावर मासे व पिके घेणाऱ्या त्या पाणथळ प्रदेशाला २००२ मध्ये रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. कलकत्त्याच्या बाजारातील कितीतरी भाजी अशा लोकांच्या हातून येते. आपल्या गृहस्थाचे मुळे बुडाले तेव्हा त्याने बाजारातून मुळे आणले. धापाच्या शेतकऱ्याचे बुडाले तर त्याचे महिन्याचे अन्न बुडते. त्या दोघांचा फलत्याग एका मापाने मोजता येणार नाही. एक जुडी पालक जमिनीतून वर येण्यास किती सकाळी लागतात हे ज्याने मोजले, तो एस्प्लनेडच्या पदपथावर दोन रुपयांसाठी घासाघीस करीत उभा राहत नाही. तो सांगितलेली किंमत देतो. स्वतःच्या फळावरचा हट्ट सुटला की दुसऱ्याच्या फळाचे मोल दिसू लागते, आणि फलत्याग खरोखर साधला की नाही ह्याची ही एक बऱ्यापैकी कसोटी आहे.

फाल्गुन सरत आला. ऊन तापू लागले, पालक फुलावर गेला, चैत्राची वादळे आता जवळ आली होती. वेलावर शेवटचे दोन दुधी राहिले होते. त्यांतला एक सरळ, भरदार, सर्वांत देखणा होता. गृहस्थ तो तोडावयास गेला तेव्हा कुंपणापलीकडून वृद्धेने त्याला थांबविले. बियाण्याला हाच ठेवावयाचा, असे तिने सांगितले. सर्वांत चांगला तो खावयाचा नाही, वेलावरच वाळू द्यावयाचा. मुलीने त्या दुधीच्या देठाला लाल दोरा बांधला, कोणी चुकून तोडू नये म्हणून.

पुढे तो दुधी पिवळा पडला, मग तपकिरी झाला, हलविला की आत बिया वाजू लागल्या. ज्या फळासाठी सारा हंगाम राबले, त्यांतील उत्तम ते न खाता पुढच्या पेरणीला सोडावे लागते, नाहीतर पुढचा हंगाम येत नाही. फळाचा त्याग करावयाचा म्हणजे फळ फेकून द्यावयाचे, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी बियाण्यासाठी राखलेला दुधी एकदा हाती घेऊन पाहावा.